फोकल स्टेलिया घ्यावा का? मिरजेतून, रात्री साडेदहानंतर

माझ्याकडे आठ वर्षं गाणं शिकलेला एक मुलगा आता पुण्यात नोकरी करतो. मध्यंतरी हौसेने त्याने फोकल कंपनीचा स्टेलिया हा बंद, म्हणजे मागून झाकलेल्या वाट्यांचा, हेडफोन घेतला होता. आता घराचे हप्ते सुरू झालेत आणि ऐकायला वेळ मिळत नाही, म्हणून तो विकायला काढलाय. दिवाळीला घरी आला तेव्हा डबा घेऊनच आला. म्हणाला, "ताई, बाहेर कुणाला देण्याआधी तुम्हाला विचारतोय. सव्वा लाखाला देईन. पण आत्ता हो-नाही काही म्हणू नका. तीन आठवडे ठेवा, रोज वापरा, मग बोलू."

सव्वा लाख. आमच्या घरात एवढ्या किमतीची दुसरी वस्तू म्हणजे स्कूटर. माझ्या तानपुऱ्यांची जोडी घेतली तेव्हा चाळीस हजार मोजले होते, तेही दोन वर्षं साठवून. आणि सव्वा लाख ही जुन्याची किंमत. २०१९ साली स्टेलिया बाजारात आला तेव्हा त्याची किंमत २,९९९ डॉलर होती. म्हणजे तेव्हाच्या दराने दोन लाखांच्या वर, शिवाय आपल्याकडे आणायचा तर आयात शुल्क आणि १८ टक्के जीएसटी वेगळा. त्यामुळे तीन आठवडे मी तो मौज म्हणून ऐकला नाही, परीक्षा घेतल्यासारखा ऐकला. रोज वहीत लिहून ठेवत होते. हे त्या वहीतूनच लिहितेय.

आधी मला बंद हेडफोन का लागतो ते सांगते, कारण सगळा निर्णय तिथेच अडतो.

माझे अकरा विद्यार्थी ऑनलाइन शिकतात. काही दुबईत आहेत, काही न्यू जर्सीत, दोघी नाशिकला. ते आपल्या रियाजाचं रेकॉर्डिंग पाठवतात आणि मी ते रात्री ऐकून प्रत्येकाला सूचना लिहिते. दिवसा माझ्या घरी मुली शिकायला येतात, खाली रस्त्यावर रिक्षा आणि दुकानं, समोर लग्नाचा हॉल. त्यामुळे हे काम रात्री साडेदहानंतरच होतं. आमचे हे एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहेत, सकाळची ड्युटी, पहाटे साडेचारला उठतात. घर दोन खोल्यांचं. माझं टेबल आणि त्यांचा पलंग यांत सहा फुटांचं अंतर.

खुल्या पाठीचा हेडफोन मी मागे एकदा आणून पाहिला होता, सेनहायझरचा एचडी ६००. १९९७ पासून चालत आलेलं मॉडेल आहे आणि आजही त्या किमतीत गळ्याचा आवाज इतका खरा देणारं दुसरं काही मला भेटलेलं नाही. पण पहिल्याच रात्री पलंगावरून आवाज आला, "केदार ऐकतेयस का?" इतका आवाज बाहेर जात होता की त्यांना कोणता राग तेही ओळखता येत होतं. दुसऱ्या दिवशी तो परत केला. स्टेलियाच्या बाबतीत मी हेच मुद्दाम विचारलं. मी नेहमी ऐकते त्याच पातळीवर तबल्याची संगत असलेला तराणा लावला आणि ह्यांना शेजारी बसवून डोळे मिटायला सांगितले. ते म्हणाले, "पंखा ऐकू येतोय." म्हणजे पास.

ज्याच्या घरी अशी अडचण नाही, ज्याला स्वतंत्र खोली आहे आणि जो शांत वेळी ऐकतो, त्याने पुढचं वाचायचीही गरज नाही. खुला हेडफोन घ्या. पंचवीस-तीस हजारांत जे मिळतं, ते बंद हेडफोनमध्ये मिळवायला कित्येक पट पैसे लागतात.

असं का, ते मला समजून घ्यायचं होतं. मिरजेत राहिल्यामुळे ते माझ्या पद्धतीने समजलं.

आमचं गाव तानपुऱ्यांचं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पण इथल्या गल्ल्यांत ही वाद्यं त्याआधी दीडशे वर्षांहून जास्त काळ घडताहेत. तानपुऱ्याचा भोपळा पंढरपूरकडून येतो, कापून वाळवतात, त्यावर तबली म्हणजे लाकडी झाकण बसवतात. तार छेडली की घोडीवरून (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) कंप तबलीत उतरतो आणि आतली पोकळी तो भरून काढते. भोपळ्याने गावं हीच त्याच्याकडून अपेक्षा असते. चांगला भोपळा निवडणारा कारागीर बोटाच्या पेराने टकटक करून नाद ऐकतो आणि बाजूला ठेवतो किंवा परत पाठवतो.

हेडफोनच्या वाटीने नेमकं उलट वागायला हवं. आतला पडदा हलतो तेव्हा जेवढा आवाज कानाकडे जातो तेवढाच पाठीमागेही जातो. खुल्या हेडफोनमध्ये तो मागचा आवाज जाळीतून निघून जातो. बंद हेडफोनमध्ये त्याला जायला जागा नसते. तो वाटीच्या भिंतीवर आपटतो, परत येतो आणि पातळ पडद्यातून कानात शिरतो, जरासा उशिरा. वाटी तीन सेंटीमीटर खोल धरली तर जाऊन-येऊन सहा सेंटीमीटर. हिशेब केला तर पहिली उभी लाट (वाटीतल्या वाटीत घुमत राहणारा आवाज) ५,७०० हर्ट्झच्या आसपास पडते. आपल्या स, श, च, छ यांची धार त्याच भागात असते, आणि जवारीची, म्हणजे तानपुऱ्याची तार घोडीला हलकेच स्पर्शून जी रुणझुण उठते तिची, झळाळीही तिथवर पोचते. म्हणून स्वस्त बंद हेडफोनमध्ये गळा डब्यातून आल्यासारखा वाटतो. खरोखरच तो डब्यातून येत असतो.

म्हणजे महाग बंद हेडफोनमध्ये आपण मुख्यतः मौनाचे पैसे देतो. वाटीने बोलू नये याचे. स्टेलियाच्या वाटीत आत आवाज विखुरणारे उंचवटे आणि शोषून घेणारा फेस आहे. दुसरा खर्च पडद्यावर. तो ४० मिलीमीटरचा, शुद्ध बेरिलियमचा, कापला तर इंग्रजी एम अक्षरासारखा दिसेल असा. बेरिलियम म्हणजे आवर्तसारणीतलं चौथं मूलद्रव्य. ॲल्युमिनियमपेक्षा वजनाला हलकं आणि ताठपणात सुमारे चौपट. पडदा हलका असला की चटकन हलतो आणि चटकन थांबतो, ताठ असला की मधेच वाकत नाही. पण या धातूची धूळ श्वासातून गेली तर फुप्फुसाचा गंभीर आजार होतो, त्यामुळे त्याचं काम फार जपून करावं लागतं. किमतीतला काही भाग तिथला आहे. फोकल ही फ्रान्समधल्या सेंत-एतिएन गावची कंपनी, १९७९ पासूनची, मुळात स्पीकर बनवणारी. हेडफोनही तिथेच बनतो.

माझ्याकडे सात वर्षांपासून बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो आहे, ८० ओहमचा. रेकॉर्डिंग स्टुडिओत हाच दिसतो. वजन २७० ग्रॅम, मखमली गाद्या, सगळे भाग सुटे मिळतात. दोनदा गाद्या बदलल्या, बाकी काही करावं लागलं नाही. तीन आठवडे मी हे दोन्ही शेजारी ठेवून ऐकले. मोबाइलवरचं आवाज मोजायचं ॲप गादीजवळ धरून दोन्हीची पातळी जमेल तितकी सारखी करत होते, कारण जो जरा मोठ्याने वाजतो तोच चांगला वाटतो हे मी विद्यार्थ्यांच्या गाण्यातही पाहिलंय. डोळे मिटून परीक्षा मात्र करता येत नाही. स्टेलिया ४३५ ग्रॅमचा आहे, डोक्यावर ठेवताच कोणता ते मानेला कळतं.

पहिले तीन दिवस मला काही विशेष जाणवलं नाही. आवाज छान होता, भरदार होता, पण दहापट किंमत कुठे गेली ते सापडत नव्हतं. वहीत पहिल्या रात्रीची नोंद आहे: "डग्गा मोठा. गळा जवळ. बाकी तेच." त्या रात्री मी झोपायला गेले तेव्हा मनात परत द्यायचं ठरलंच होतं.

चौथ्या रात्री विद्यार्थ्यांचं काम लवकर संपलं, म्हणून मी माझ्याच तानपुऱ्यांचं रेकॉर्डिंग लावलं. माझ्या मुलींना मी रियाजासाठी ॲपवरचा तानपुरा वापरू देत नाही. माझ्या दोन्ही तानपुऱ्यांचं अर्ध्या तासाचं रेकॉर्डिंग करून देते, काळी चार या पट्टीत. सप्टेंबरमध्ये नवीन केलं होतं. दोन दिवस बसून जुन्या हेडफोनवर त्याची काटछाट केली होती आणि सगळ्यांना पाठवूनही झालं होतं.

तानपुरा चांगला लागला की खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या सा च्या, तारेतून गंधार आपोआप निघतो, त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. खर्जाचा पाचवा अंश तो, म्हणजे खर्जाच्या पाचपट कंपनांचा. काळी चारला खर्ज साधारण १०४ हर्ट्झचा, म्हणजे हा गंधार ५२० च्या आसपास, तार सप्तकातला. गुरूंकडे असताना तो ऐकू यायला मला दीड वर्ष लागलं होतं. जुन्या हेडफोनवर तो मला ऐकू येतो, पण त्याच्याकडे लक्ष न्यावं लागतं, अंधारात हात पुढे करून दाराची कडी शोधावी तसं. स्टेलियावर मी काहीही शोधत नव्हते. पाणी प्यायला पेला उचलला होता. खर्ज वाजला, आणि त्याच्या मागून गंधार उमलला, वर आला, जोड (मधल्या दोन तारा) सुरू व्हायच्या आत विरला. पुढच्या आवर्तनात पुन्हा. पेला तसाच हातात राहिला.

मग दहा मिनिटांनी दुसरी गोष्ट लक्षात आली. उजवीकडच्या तानपुऱ्यात दोन जोडांपैकी दुसरा पहिल्यासारखा नाही. छेडल्यावर दोन्ही सारखेच उघडतात, पण पहिल्याची झळाळी लांबवर जाते आणि दुसऱ्याची मधेच मिटते. सुरात आहे, बेसूर नाही. फक्त लवकर बंद होतोय. मी हेडफोन काढला, बाहेरच्या खोलीत जाऊन तानपुऱ्याची गवसणी काढली आणि दिवा न लावता, भोपळ्याला कान लावून अगदी हलक्या बोटाने दोन्ही जोड छेडले. होता. फरक होता.

सकाळी तानपुरा घेऊन तंतुवाद्यांच्या गल्लीत तानपुरे दुरुस्त करणाऱ्या चाचांकडे गेले. मी काही सांगितलं नाही, नुसतं "जवारी बघा" म्हटलं. त्यांनी चारही तारा छेडल्या, दुसऱ्या जोडाखालून रेशमाचा दोरा काढला, तार बाजूला केली आणि घोडीवरून नखाचं टोक फिरवलं. "इथं चर पडलीय, बाई. तारेनं खाल्लंय." बारीक कानशीने दोन-तीन हात, मग फुंकर, मग पुन्हा तार चढवून ऐकणं, असं अर्धा-पाऊण तास चाललं होतं. शेवटी दोरा सरकवत सरकवत त्यांनी तो जोड उघडला तेव्हा दुकानातला पोरगाही हातातलं काम थांबवून बघायला लागला.

आता इथे प्रामाणिकपणे एक सांगायला हवं. घरी येऊन मी सप्टेंबरचं तेच रेकॉर्डिंग जुन्या हेडफोनवर लावलं. मिटणारा जोड त्यातही ऐकू आला, स्पष्टच. आधी दोन दिवस ऐकूनही कळला नव्हता तो आता लपत नव्हता.

या एका गोष्टीवर मी पुढचे दहा-बारा दिवस विचार करत होते. महाग हेडफोनमध्ये जे ऐकू येतं ते बहुतेक सगळं स्वस्तातही असतंच, कुठे शोधायचं ते माहीत असलं तर. मग पैसे कशाचे? गाणं नुसतं ऐकणाऱ्याला मी म्हणेन, उगाच खर्च करू नका, तुमच्या आनंदात फार फरक पडणार नाही. पण माझं कामच मुळात माहीत नसलेलं ऐकण्याचं आहे. दुबईची मुलगी रिषभावर येताना किंचित खालून येते, तिला ते कळत नाही, आणि रात्री साडेअकराला नववं रेकॉर्डिंग ऐकताना मलाही ते कळलं नाही तर तिची ती सवय पक्की होते. तिथे कान दमलेला असताना जे आपणहून समोर येईल तेच उपयोगाचं. दुसऱ्या आठवड्यात मी मोजून पाहिलं. जुन्या हेडफोनवर एकेका रेकॉर्डिंगमध्ये मी सरासरी चार ठिकाणी मागे जाऊन पुन्हा ऐकत होते, "नक्की काय झालं?" म्हणून. स्टेलियावर एक-दोनदा. अकरा विद्यार्थ्यांमागे रात्रीची वीस-पंचवीस मिनिटं वाचली.

पण त्याचं सगळंच मला पटलं असं नाही. मंद्राकडे, म्हणजे खालच्या सुरांकडे, तो जरा जास्त उदार आहे. डग्गा खोलीत वाजतो त्यापेक्षा मोठा लागतो, आणि मींड घेताना हाताच्या दाबाने जो आवाज चढतो तो ऐकायला फार सुंदर वाटतो, पण तबल्याच्या विद्यार्थ्याला मी त्यावरून "डग्गा चांगला बोलतोय" असं सांगणार नाही. गळ्याचंही तसंच. नाशिकच्या एका मुलीचा खर्ज मला एकदम भरलेला वाटला आणि मी तसं लिहिणार होते. जुना लावून पाहिला तर खर्ज होता तितकाच होता. त्यामुळे सूर, श्रुती, जवारी, तानेतले दाणे हे बघायला स्टेलिया, आणि गळ्याचा पोत किती बदलला हे ठरवायला जुनाच, असं मी वहीत लिहून ठेवलंय.

जुन्या ध्वनिमुद्रिकांसाठी तर हा घेऊच नका. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आमच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात आहे, दरवर्षी तिथे त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं, आणि त्यांच्या तीन-तीन मिनिटांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या ऐकत आमची पिढी शिकली. मोठ्या आशेने त्या लावल्या. त्या काळच्या मुद्रणात वरचे अंश उतरलेलेच नाहीत, त्यामुळे उघडायला काही नाही. उलट सुईची खरखर गळ्याच्या पुढे येऊन बसते. दोन तबकड्या ऐकून मी स्टेलिया बाजूला ठेवला आणि छोट्या स्पीकरवर लावल्या. खाँसाहेब लगेच परत आले. व्हॉट्सॲपवरून दाबून आलेल्या रेकॉर्डिंगचंही तेच, म्हणून मी आता सगळ्यांना मूळ फाइल ड्राइव्हवर टाकायला सांगितलंय.

बाहेरचा आवाज रोखण्याबद्दल लोकांचा मोठा गैरसमज असतो, म्हणून सांगते. बंद पाठ म्हणजे बाहेरचं काही ऐकू न येणं असं नाही. कुकरची शिट्टी, मुलांची भांडणं हे बरंच दबतं, पण पंख्याची घरघर आणि रस्त्यावरच्या ट्रकचा गुरगुराट खालच्या पट्टीत असतो आणि तो सरळ आत येतो. डीटी ७७० ची कंपनी १८ डेसिबल आवाज रोखला जातो असं सांगते. माझ्या कानाला स्टेलिया त्यापेक्षा जरा कमीच रोखतो. रेल्वेत, विमानात, ऑफिसात शांतता हवी असेल तर आवाज छाटणारा ब्लूटूथ हेडफोन तीस हजारांच्या आसपास येतो, आणि त्या कामात तो या दोन-अडीच लाखांच्या वस्तूपेक्षा कितीतरी चांगला. हा हेडफोन घरातलं झोपलेलं माणूस उठू नये यासाठी आहे. बाहेरच्या जगापासून लपण्यासाठी नाही.

चष्मा असलेल्या बायकांसाठी खास. बंद हेडफोनमध्ये मंद्र टिकतो तो गादी गालाला नीट चिकटली तरच. चष्म्याच्या काडीने फट पडते, केस मधे आले तर पडते. मी आधी रोजच्यासारखी अंबाडा घालून, कुड्या ठेवून बसले होते आणि डाव्या बाजूचा खर्ज सतत पातळ लागत होता. दोन दिवस वायरीचा दोष समजत होते. मग कुडी काढली, केसांची वेणी घातली, आणि खर्ज जागेवर आला. स्टेलियाच्या गाद्या मऊ आहेत, त्यामुळे चष्म्याने पडणारा फरक जुन्यापेक्षा कमी, पण आहेच. दुसरं म्हणजे त्या चामड्यावर कुडीचा मळसूत्राचा भाग घासला तर ओरखडा उठेल. दुसऱ्याची वस्तू होती म्हणून मी पहिल्या दिवसापासून कुड्या काढून वाटीत ठेवायला लागले, ती सवय चांगलीच लागली.

चामडं म्हटलं की आपल्या हवेचा विचार हवा. माझा त्याआधीचा एक साधा रेक्झिनच्या गाद्यांचा हेडफोन होता. एका पावसाळ्यात कपाटात राहिला तर पांढरी बुरशी धरली आणि नंतर काळे कपचे निघून गालाला चिकटायला लागले. स्टेलियाचं चामडं अस्सल आहे, पण म्हणून तर जास्त जपायला हवं. कोरड्या फडक्याने पुसणं, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि पावसाळ्यात रोज थोडी हवा. आत्ता नोव्हेंबर आहे म्हणून बरं. एप्रिल-मे मध्ये आमच्याकडे पारा चाळिशीला टेकतो तेव्हा या गाद्यांत कान भिजणार हे नक्की. वजनाचंही सांगितलं पाहिजे. तास-सव्वा तासानंतर मान बोलायला लागते. मी दर तीन विद्यार्थ्यांनंतर उठून चक्कर मारते.

लागणाऱ्या यंत्राची मात्र काळजी नको. ३५ ओहम, १०६ डेसिबल, म्हणजे मोबाइलला लावायच्या छोट्या डॅकवरही (डिजिटल आवाज हेडफोनसाठी बदलून देणारी डबी) तो आरामात वाजतो. वेगळा अँप्लिफायर घ्यायलाच हवा असं कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नका. डब्यात दोन वायरी येतात. एक सव्वा मीटरची, साध्या पिनची. दुसरी तीन मीटरची, पण तिला चार दांड्यांची बॅलन्स्ड पिन, जी माझ्या रेकॉर्डिंगच्या यंत्रात बसत नाही. टेबलावरून उठून तानपुऱ्यापर्यंत जाता येईल अशी लांब साधी वायर मला वेगळी करून घ्यावी लागेल.

घेण्याआधी ऐकून बघा असं सगळे सांगतात, पण आपल्यासारख्यांनी ऐकायचं कुठे? मी मागच्या वर्षी मोठ्या शहरातल्या एका दुकानात गेले होते. तिथे माझ्या मोबाइलमधलं रेकॉर्डिंग लावू दिलं नाही, त्यांचंच ठरलेलं इंग्रजी गाणं दोन मिनिटं ऐकवलं, डोक्यावर एसी घोंघावत होता आणि विक्रेत्याचं लक्ष माझ्या पायातल्या चपलांकडे होतं. इतक्या किमतीची वस्तू दोन मिनिटांत कळत नाही. मला चौथ्या रात्री कळली. म्हणून ओळखीच्या माणसाकडची वापरलेली वस्तू, आठवडाभर ठेवून घेऊन, हाच मार्ग मला खरा वाटतो. नव्या बंद हेडफोनला दोन-अडीच लाख देऊ नका असं मी स्पष्टच सांगेन, हाही अपवाद नाही. पैसे असले तरी नको. वापरलेला निम्म्यात मिळतो आणि पडदा तोच असतो.

पुण्यात याच मुलाच्या मित्राकडे डेनॉनचा एएच-डी९२०० थोडा वेळ ऐकला होता. २०१८ चं मॉडेल, १,५९९ डॉलरचं, वाट्या जपानच्या कोची भागातल्या बांबूच्या. ३७५ ग्रॅम, डोक्यावर सुखाचा. लाकडी वाटी बोटाने वाजवून बघायचा मोह मला आवरला नाही. भरीव, बंद नाद आला, तिथेच मला तो आवडला. तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग तेव्हा बरोबर नव्हतं, त्यामुळे गंधाराची परीक्षा राहिली. ज्यांना वजन झेपत नाही त्यांनी तो जरूर ऐकावा.

मग माझं काय ठरलं? मी हिशेब केला. वर्षातून तीनशे रात्री, रोज तीन तास. जुना हेडफोन सात वर्षं टिकला, हाही तितका टिकला तर एका रात्रीला साठ रुपये पडतात. मधे गाद्या बदलाव्या लागतील, त्या परदेशातून येणार, त्याचे वेगळे. एका विद्यार्थ्याच्या फीमधून महिन्याचं भागतं. ह्यांना सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, "तो जोड तुला हा नसता तर कधी कळला असता?" मी म्हटलं, कदाचित कधीतरी खोलीत बसून लावताना. कदाचित नाही. अकरा मुली वर्षभर त्यावरच गायल्या असत्या.

काल पुण्याला फोन केला. पन्नास हजार लगेच, उरलेले पंचाहत्तर पाच महिन्यांत. जुना हेडफोन विकणार नाही, पोत बघायला तो टेबलावरच राहील.

मिरज-सांगली-कोल्हापूरकडच्या कुणाला हा ऐकून बघायचा असेल तर रविवारी दुपारी माझ्याकडे या. स्वतःचं रेकॉर्डिंग आणा, दाबलेलं नको, मूळ फाइल. बायकांनी केसांची वेणी घालून या. कुड्या ठेवायला वाटी माझ्याकडे आहे.